काळ्या जमिनीतली ३० गुंठ्यांची बाग : झुडपं आणि वर्षानुवर्षं टिकणारी फुलझाडं कोणती लावावीत? (खानदेश)

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. भडगाव तालुक्यात गिरणेच्या जवळ आमचं वडिलोपार्जित वावर आहे. घराभोवतीचे ३० गुंठे पिकाला न घेता मोकळे ठेवलेत. तिथे बाग करायची आहे. नोकरी संपवून आम्ही दोघं आता कायमचे इथेच राहायला आलो आहोत, त्यामुळे रोज लक्ष देता येईल.

जमीन काळीभोर, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचं तोंड पूर्वेला. पश्चिमेला सगळं उघडं वावर, एप्रिलपासून तिकडून झळा येतात. उतार ईशान्येला, तिथे लहान नाला आहे आणि पावसाळ्यात त्या कोपऱ्यात पाणी साचतं. दोन मोठे निंब, एक चिंच आणि बांधावर बाभळी आहेत, त्या तशाच राहणार. विहिरीचं पाणी पुरतं, पण जड आहे. भांड्यांवर पांढरा थर बसतो.

हंगामी फुलांची हौस मला आहे, पण एवढ्या जागेत दरवर्षी रोपं करणं झेपणार नाही. एकदा लावली की वर्षानुवर्षं राहतील अशी झुडपं, कंद, गवतं हवी आहेत. एका रोपवाटिकेने आराखडा करून दिला: मध्ये मोठी हिरवळ, कडेने कुंतीचं (कामिनीचं) कुंपण, पुढे इक्झोरा आणि अनंत यांच्या रांगा. चित्र फार सुंदर आहे. पैसे भरण्याआधी इथल्या माणसांना विचारावंसं वाटलं.

सातपुडा_पायथा

ताई, विचारलंत ते बरं केलंत. मी यावल तालुक्यातला, केळी करतो. घराभोवती बरीच मोठी बागही आहे.

आधी जमिनीचं बोलू, कारण आपल्याकडे झाड मरतं ते निम्म्या वेळा मुळाशीच. आपली काळी माती चिकण आहे. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. ऑगस्टच्या झडीत तिच्यात हवा राहत नाही, मुळं गुदमरतात. मे महिन्यात तीच माती फाटते आणि बारीक मुळं तुटतात. हे दोन्ही सोसणारं झाडच निवडायचं. शिवाय माती चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या पुढे. अशा मातीत लोह असतं, पण झाडाला ते घेता येत नाही. इक्झोरा आणि अनंत ही दोन्ही आम्लधर्मी मातीची झाडं. कोकणात ती बघून घ्यावीत. इथे पहिल्या वर्षी रोपवाटिकेतल्या मातीच्या जोरावर फुलतात. पुढच्या वर्षी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसू लागतं. हिराकस (लोहाचं साधं खत, फेरस सल्फेट) कितीही टाका, चुनखडीच्या मातीत ते लगेच अडकून बसतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीत न अडकणारं लोह, लागू पडतं, पण ते महाग, आणि परत परत द्यावं लागतं. एवढ्या लांब रांगांना ते औषध जन्मभर कोण पाजणार?

हिरवळीचंही तेच. आपल्याकडे वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. त्यात एवढी हिरवळ जगवायची म्हणजे विहीर तिच्यापुढे रिकामी करायची. ओट्यासमोर बसण्यापुरता एक तुकडा ठेवा, बाकी नको.

आता काय लावायचं ते. पश्चिमेला दोन ओळींची झुडपांची भिंत करा. बाहेरच्या ओळीत निर्गुडी आणि कण्हेर, आतल्या ओळीत अडुळसा आणि मेंदी. निर्गुडी आपल्या बांधांवर आपोआप येते, तिला कुणी पाणी घालत नाही. जांभळट तुरे जवळजवळ वर्षभर येतात, मधमाश्या सुटत नाहीत. पानं धान्याच्या कोठीत घालायला होतात. अडुळसा हिवाळाभर पांढरा फुलतो आणि शेळी त्याला तोंड लावत नाही. कण्हेरीला तर आपलं ऊन मानवतंच. ही भिंत दोन-तीन पावसाळ्यांत डोक्याच्या वर जाते. तिच्या आड मग नाजूक झाडं लावता येतात. भिंतीच्या आधी आत काहीच लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोसंबी_जामनेर

कुंतीबद्दल मला बोललंच पाहिजे. ताई, तुमच्या शिवारात कुणाची मोसंबी, लिंबू आहे का? असेल तर कुंतीचं कुंपण अजिबात करू नका. कुंती लिंबूवर्गीयांच्याच कुळातली. सिट्रस सिला ही कीड तिच्या कोवळ्या पालवीवर फार आवडीने वाढते आणि हीच कीड लिंबूवर्गीय बागांमध्ये ग्रीनिंग रोग पसरवते. तो रोग एकदा झाडात शिरला की बरा होत नाही. कुंपण म्हटलं की वरचेवर छाटणी आली. छाटणी म्हणजे सतत नवी पालवी, म्हणजे सिलाला बारमाही खाणं. कढीपत्त्यावरही ती कीड येते, पण घरच्या एका झाडावर नजर ठेवता येते. शंभर मीटर कुंपणावर कोण ठेवणार?

कापसाच्या बाजूलाही तसंच बघा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसतो आणि तोच कापसावरही जातो. कापूस आणि जास्वंद एकाच कुळातले. जास्वंद लावा, मी नाही म्हणत नाही, पण घराजवळ, डोळ्यांसमोर. पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला की ती फांदी लगेच कापून जाळायची.

शेतातल्या बागेचा हा वेगळा हिशेब आहे. शहरातल्या बंगल्याची बाग फक्त आपली असते. इथे शेजारच्याचं पोट त्याच मातीवर आहे.

गिरणाकाठ

कुंतीचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. बांधापलीकडे दिरांची लिंबाची बाग आहे! कुंती रद्द. इक्झोरा आणि अनंतही रद्द.

सातपुडा भाऊ, खड्डे कसे घ्यायचे? रोपवाटिकेवाले म्हणाले, काळी माती काढून टाका आणि खड्ड्यात लाल माती, वाळू भरा.

सातपुडा_पायथा

ते करू नका. चिकण मातीत खड्डा खणून त्यात वाळू-लाल माती भरली की तो खड्डा हौदासारखा होतो. आजूबाजूच्या काळ्या मातीतून पाणी हळू झिरपतं, भरलेल्या मातीत भरभर उतरतं आणि तळाशी साचून राहतं. झाड आठ दिवस पाण्यात उभं. शिवाय मुळं त्या मऊ मातीतच गोल फिरत राहतात, बाहेर शिरतच नाहीत.

आपण हळदीला, केळीला गादीवाफे करतो तेच इथे करा. मे महिन्यात जमीन तापू द्या, ढेकळं फोडा, भरपूर कुजलेलं शेणखत पसरून वखरून मिसळा. मग तीन-साडेतीन फूट रुंद आणि दीड फूट उंच वरंबे ओढा, पाणी नाल्याकडे जाईल अशा उताराने. त्या वरंब्यावर झाड लावायचं. खड्डा पिशवीपेक्षा थोडाच मोठा, आणि त्याच मातीने भरायचा. पाऊस सरींतून निघून जातो, झाडाचं खोड कोरडं राहतं. मुरूम मिळाला तर तो खड्ड्यात टाकायचा नाही, सरींमध्ये पायवाटेला टाकायचा. पावसाळ्यात चपलेला चिखल लागत नाही.

पांझरा

मी धुळ्याजवळचा. आमची जमीन हलकी, मुरमाड, त्यामुळे माझं उत्तर थोडं वेगळं आहे. ज्यांची जमीन माझ्यासारखी असेल त्यांच्यासाठी लिहितो.

मुरमाडीवर तरवडासारखं झुडूप नाही. लोक त्याला माळावरचं तण समजतात, मला त्याचा राग येतो. चार-पाच फुटांचं सुबक झुडूप, पावसाळा सरता सरता सोनेरी पिवळ्या फुलांनी भरतं, पुढेही थोडी थोडी फुलं चालू असतात. पाणी घालायचं काम नाही. शेळी-गाय सहसा खात नाही. पूर्वी चामडं कमावायला त्याची साल वापरत. पिवळी फुलपाखरं टाकळा, बहावा, तरवड या गोतावळ्यावर अंडी घालतात, त्यामुळे ती बागेत राहायलाच येतात. मोठ्या बागेत सात-आठ तरवड एका ठिकाणी लावून बघा. एकेकटं लावू नका, घोळक्याने लावा.

बोगनवेलही इथलीच झाल्यासारखी आहे. तिला पाणी कमी, तेवढी फुलं जास्त. फक्त पायवाटेपासून लांब लावा, काटे वाईट.

लावणीच्या वेळेबद्दल मात्र मी ठाम आहे. पहिला दमदार पाऊस झाला की जूनमध्येच लावा. झाडाला पूर्ण पावसाळा मिळतो.

सातपुडा_पायथा

पांझरा भाऊ, मुरमाडीवर तुमचं बरोबर. भारी जमिनीत मला जून पटत नाही. जूनला लावलेल्या कोवळ्या रोपाची मुळं धरायच्या आत जुलै-ऑगस्टची झड लागते. आम्ही पोळ्यानंतर लावतो. मोठा पाऊस उरकलेला, जमीन आतून ओली, ऊन सौम्य. हिवाळ्याचे चार महिने मुळं पसरायला मिळतात आणि फेब्रुवारीत ऊन वाढेपर्यंत झाड सावरलेलं असतं. वरंबे उंच असतील आणि जूनलाच लावायची ओढ असेल तर निर्गुडी, कण्हेर, मेंदी तेव्हा लावा. मोगरा, आबोली, तगर पोळ्यानंतर.

निंबाची_सावली

माय, तुम्ही पुरुष माणसं भिंत आणि मुरूम यातच अडकलात. बागेत घरच्या पूजेची, वेणीची फुलं नकोत का?

मी अमळनेरची. निंबाच्या सावलीत काय येतं हे विचारा मला. आबोली! तिला आपलं दुपारचं ऊन सोसत नाही, पण निंबाखालची गाळीव सावली मिळाली की वर्षाचे बहुतेक महिने फुलते. रोप जुनं झालं की कमी फुलतं, तेव्हा पावसाळ्यात फांद्या खोवून नवी करून घ्यायची. तगरही सावलीत चालते, पांढरीशुभ्र, पूजेला रोज फूल. जवळच कोरांटी टाका. तिचे काटे आहेत, पण पिवळी फुलं येतात आणि सांभाळ काहीच नाही. गुलाबाईच्या सणाच्या दिवसांत मुलींना फुलं लागतात, तेव्हा हिची आठवण होते.

मोगरा मात्र पूर्ण उन्हातच. सावलीत पानंच येतात. त्याला वर्षातून एकदा थकवावा लागतो. हिवाळ्यात पाणी तोडायचं, जानेवारीच्या शेवटाला वीतभर ठेवून छाटायचा, उरलेली पानं हाताने काढायची, शेणखत देऊन पाणी सुरू करायचं. मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अंगण घमघमतं. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसतात, तेव्हा वेणीला घरचा मोगरा असला की किती छान वाटतं!

पारिजातक घराच्या पूर्वेला, ओट्याजवळ. श्रावणापासून सडा पडायला लागतो. कानबाई देवी घरोघर बसते त्या सुमाराला सुरुवात होते. उन्हाळ्यात पानं झडून बोडका दिसतो, घाबरू नका. त्याला पाणी साचलेलं चालत नाही, म्हणून ओट्याजवळची उंच जागाच बरी. आणि रातराणी झोपायच्या खोलीच्या खिडकीशी लावू नका, वास फार उग्र होतो. थोडी लांब, वाऱ्याच्या वाटेवर.

पांझरा

ताई, आबोली-तगरीचं मान्य. मी फुलांचा विचारच केला नव्हता असं नाही, पण तुम्ही सांगितलेला क्रम मी लिहून घेतला. मोगऱ्याला पाणी तोडायचं हे आमच्याकडे कुणी करत नाही, यंदा करतो.

पानगळ_नंदुरबार

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून सातपुड्याच्या बाजूने दोन गोष्टी घालतो.

आपल्या डोंगरात अशी झुडपं आहेत की ती बागेत का नसतात याचं मला नेहमी वाईट वाटतं. धायटी घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकी सगळं सुकत असताना तिच्या वाकलेल्या फांद्यांवर शेंदरी-लाल फुलांचे झुबके येतात. सूर्यपक्षी दिवसभर त्यात. आसवं-अरिष्टं आंबवायला वैद्य हीच फुलं वापरतात. मुरुडशेंग दुसरी. विटकरी-लाल फुलं आणि पिळाच्या शेंगा, मुलं तर खेळतच बसतात. कुडा तिसरा. उन्हाळ्याच्या तोंडी पांढऱ्या सुगंधी फुलांनी भरतो. तिघांनाही डोंगरउताराची, निचऱ्याची जमीन लागते. म्हणून गिरणाकाठ ताई, तुमच्या भारी मातीत ती वरंब्यावर, उताराच्या सर्वांत वरच्या बाजूलाच लावा. एक विनंती: यावल अभयारण्यातून किंवा तोरणमाळच्या जंगलातून रोपं उपटून आणू नका. वन विभागाच्या आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत आधी मागणी करून ठेवली तर अशी रोपं मिळू शकतात, किंवा बी गोळा करून घरी करा.

ईशान्येचा पाणथळ कोपरा अडचण म्हणून बघू नका. तिथे वाळा लावा. बहुवर्षायू गवत आहे, मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, नाल्याची कड धरून ठेवतात. वर कमरेपेक्षा उंच पात्यांची बेटं दिसतात. त्याच्या पुढे कर्दळ आणि स्पायडर लिली. दोघींनाही पाय ओले चालतात. मोरीचं पाणी तिकडे वळवता आलं तर उन्हाळ्यातही कर्दळ हिरवी राहील. गवती चहा जरा वरच्या बाजूला.

कंदांमध्ये कळलावी आपल्याकडची आहे, पहिल्या पावसाने वर येते, हिवाळ्यात जमिनीत झोपते. फूल अप्रतिम. पण कंद अत्यंत विषारी आहे. लहान मुलं येत-जात असतील तर नको. गुलाबी पावसाळी लिली मात्र पायवाटांच्या कडेने हवी तेवढी लावा, पहिल्या सरीनंतर अख्खी कड फुलते.

मोसंबी_जामनेर

विषाचा विषय निघालाय म्हणून सांगतो. कण्हेरीचं प्रत्येक अंग विषारी, वाळलेलं पानही. छाटणी करून फांद्या गोठ्याजवळ किंवा कडब्याशेजारी टाकल्या आणि गुरांनी खाल्ल्या तर जनावर हातचं जातं. पिवळी बिट्टीही तशीच, तिच्या बिया विशेष घातक. ताई, तुमच्याकडे गुरं आहेत?

गिरणाकाठ

एक गाय आणि वासरू आहे. गोठा नेमका पश्चिमेलाच.

मोसंबी_जामनेर

मग गोठ्याच्या बाजूला कण्हेर नको. तिथे निर्गुडी-अडुळसाच राहू द्या, कण्हेर रस्त्याच्या कडेला न्या. छाटलेलं लगेच पुरून टाका. घाणेरीही गुरांना विषारी. रंगीत फुलांच्या मोहाने ती विकत आणू नका. पक्षी बी नेतात आणि दोन-चार वर्षांत बांध भरून जातात.

सातपुडा_पायथा

मान्य. मी कण्हेर सरसकट सांगितली होती, गोठा असेल तर मोसंबी भाऊंचंच ऐका.

पाण्याचं राहिलं. ठिबक करा. जळगाव जिल्ह्यात ठिबकची कमतरता नाही, दुरुस्तीला माणूसही मिळतो. प्रत्येक झुडपाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रीपर, खोडाला चिकटून नको, फूटभर लांब दोन बाजूंना. झाड वाढेल तसे बाहेर सरकवा. भारी जमिनीला रोज थोडं थोडं पाणी देऊ नका. मुळं वरच राहतात आणि मे महिन्यात वरची माती फाटली की तीच आधी मरतात. दोन-तीन तास सलग सोडा, मग वरची बोटभर माती वाळेपर्यंत थांबा. तुमचं पाणी जड आहे, ड्रीपरमध्ये क्षार साचणार. ठिबकवाल्याकडून आम्लप्रक्रिया (नळ्यांतून सौम्य आम्ल सोडून क्षार विरघळवणं) समजून घ्या आणि ती वेळच्या वेळी करा.

दोन उन्हाळे नीट पाणी दिलं की निर्गुडी, अडुळसा, मेंदी, तरवड यांचं ठिबक काढून घ्या. ते पाणी मोगरा-आबोलीकडे वळवा. सगळ्या झाडांना जन्मभर सारखं पाणी, असं नियोजन करू नका.

आच्छादन हवंच. भेगा त्यानेच कमी होतात. केळीची वाळलेली पानं मिळाली तर उत्तम, वीतभर जाड.

पांझरा

आमच्याकडे केळी कुठली! पऱ्हाटी (कापसाच्या वाळलेल्या काड्या) बारीक करून टाकली तर?

सातपुडा_पायथा

चालेल, पण उधई (वाळवी) लक्षात घ्या. पऱ्हाटीवर ती हमखास येते. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा आणि थर पातळ टाका. त्यापेक्षा सोयाबीनचं भुसकट, गव्हाचं काड, निंबाचा पाला बरा. शिवाय बोंडअळीच्या दृष्टीने जुनी पऱ्हाटी शिवारात ठेवूच नये, आधी कुजवून घ्या.

गिरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री आम्ही दोघांनी कागदावर मांडून बघितलं.

पश्चिमेला गोठ्याच्या मागे निर्गुडी आणि अडुळसा, पुढे मेंदी. रस्त्याकडे कण्हेर आणि बोगनवेल. निंबाखाली आबोली, तगर, कोरांटी. ओट्याजवळ पारिजातक, त्याच्यासमोर उन्हात मोगऱ्याचे दोन वाफे. नाल्याच्या कोपऱ्यात वाळा, कर्दळ, लिली. वरच्या बाजूला धायटी आणि मुरुडशेंग. हिरवळ फक्त ओट्यासमोर. यंदा फक्त भिंत आणि निंबाखालचं करायचं, बाकी जागेत हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलावर आला की गाडायचा, असं ठरलं. कळलावी नाही, नातवंडं सुट्टीत येतात.

दोन प्रश्न उरले. अंतर किती ठेवायचं? आणि तरवड भारी जमिनीत येईल का? मला तो फार आवडला आहे, लहानपणी शाळेच्या वाटेवर होता.

पानगळ_नंदुरबार

तागाची कल्पना फार चांगली.

अंतर: कण्हेर पाच-सहा फूट, निर्गुडी पाच, अडुळसा तीन-चार, मेंदी कुंपणाला दीड. तगर चार-पाच. आबोली फूट-सव्वा फूट, दाटीतच शोभते. सुरुवातीला बाग विरळ दिसेल आणि मधे काहीतरी भरावंसं वाटेल. मधे भरायचंच असेल तर सदाफुली टाका, मोठी झुडपं नकोत.

तरवड भारी जमिनीतही येतो, पाणी साचलं नाही पाहिजे एवढंच. रोपवाटिकेत तो क्वचित मिळतो, बियांपासूनच करा. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की बी काढून ठेवा. साल कठीण असते, म्हणून उकळून खाली उतरवलेल्या गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्या. फुगलेलं बी तेवढं घ्या आणि मे अखेरीस पिशव्यांत दोन-दोन पेरा. मूळ लवकर खोल जातं, त्यामुळे पिशवी उंच घ्या आणि रोप वीतभर झालं की जास्त दिवस पिशवीत ठेवू नका.

पांझरा

ताई, बी मी देतो. आमच्या माळावर शेंगा लागतात, या हिवाळ्यात गोळा करतो. धुळ्याहून चाळीसगावला माझं येणं-जाणं असतं, तिथे कुणाकडे ठेवू ते निरोपात कळवा. धायटीची रोपं तुम्हाला जास्तीची मिळाली तर मला दोन हवीत.